लान्स नाईक, नाईक, हवालदार : सैन्यातील फितीवाल्यांची ओळख

लान्स नाईक, नाईक आणि हवालदार ही भारतीय लष्करातील तीन पदे आहेत. तिन्ही पदांवरचे लोक शिपाई म्हणून भरती होतात आणि शिपायांमधूनच वर येतात. त्यांच्या दंडावर टोक खाली असलेल्या फिती असतात : लान्स नाईकाला एक, नाईकाला दोन, हवालदाराला तीन. इंग्रजीत यांना एनसीओ म्हणतात, मराठीत बिनसनदी अधिकारी. त्यांच्या वर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे जेसीओ असतात, आणि त्यांच्या वर लेफ्टनंटपासून पुढचे सनदी अधिकारी.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत "आजोबा मिलिटरीत होते" एवढेच सांगितले जाते. कोणत्या पलटणीत, कोणत्या हुद्द्यावर, असे विचारले तर उत्तर येते, "साधे हवालदार होते." या 'साधे' शब्दामुळेच हा लेख लिहावासा वाटला. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, सैन्यात कधी नव्हतो. पण पेन्शनच्या काउंटरवर बसल्यामुळे या फितीवाल्या मंडळींशी आणि त्यांच्या मागे राहिलेल्या घरच्यांशी बराच संबंध आला. त्यांचे काम नेमके काय असते, ते आपल्या मुलानातवंडांना माहीत असावे म्हणून ही माहिती एकत्र केली आहे.

शब्द कुठून आले

ही नावे इंग्रजांनी शोधलेली नाहीत. त्यांच्या आधीपासून ती आपल्याकडे रुळलेली होती.

'नाईक' हे संस्कृत 'नायक'चे रूप, म्हणजे पुढे चालणारा. 'हवालदार' अरबी 'हवाला' आणि फारसी 'दार' यांपासून झाला. मराठीत आपण आजही 'किल्ल्या हवाली केल्या', 'मुलाला मामाच्या हवाली केले' असे म्हणतो. ज्याच्या हवाली काही केले आहे तो हवालदार.

शिवाजी महाराजांच्या पायदळात नऊ-दहा पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी आणि सर्वांवर सरनोबत अशी उतरंड होती. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी असत. गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे असत.

आजच्या भारतीय पायदळात सर्वांत लहान लढाऊ तुकडी म्हणजे सेक्शन. त्यात दहा माणसे असतात. साडेतीनशे वर्षांत हत्यारे, गणवेश, राज्ये सारे बदलले, पण एका माणसाला स्वतः समोर राहून सांभाळता येतील अशा माणसांची संख्या बदलली नाही.

ईस्ट इंडिया कंपनीने देशी पलटणी उभ्या केल्या तेव्हा नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार ही पदे तशीच घेतली. जमादाराचे नाव स्वातंत्र्यानंतर, १९६५ मध्ये, 'नायब सुभेदार' असे झाले. 'लान्स' हा शब्द मात्र युरोपातल्या सैन्यांतून आला.

आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातही हीच नावे होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचे 'हैदराबाद काँटिंजंट' बोलारम, हिंगोली, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा छावण्यांत असे. १९०३ मध्ये ते भारतीय लष्करात विलीन झाले. त्याच्या पायदळाचे पुढे १९२२ मध्ये १९वी हैदराबाद रेजिमेंट असे नाव झाले आणि १९४५ मध्ये तीच कुमाऊँ रेजिमेंट झाली. जुन्या कागदात 'हैदराबाद रेजिमेंट' असे दिसले तर ती निजामाची फौज समजू नये.

आणखी एक खुलासा. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार ही आपल्याकडे आडनावेही आहेत. एखाद्या पूर्वजाच्या पदावरून ती आलेली असू शकतात. म्हणून जुन्या यादीत नावाच्या आधी 'नाईक' असेल तर पद आणि शेवटी असेल तर आडनाव, असे साधारण धरावे. पोलिसांतला हवालदार आणि लष्करातला हवालदार यांचे नाव सारखे असले तरी नोकरी, कायदा आणि प्रशिक्षण वेगळे.

पायऱ्या आणि पगार

पायदळातला क्रम असा : शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. रणगाडा दळात आणि जुन्या घोडदळात शिपायाला सवार, नाईकाला लान्स दफेदार, हवालदाराला दफेदार आणि सुभेदाराला रिसालदार म्हणतात. तोफखान्यात शिपायाला गनर म्हणतात, पुढची नावे पायदळासारखीच.

हवालदार मेजर, क्वार्टरमास्टर हवालदार ही हवालदारांना मिळणारी नेमणुकीची नावे आहेत. कंपनी हवालदार मेजर शिस्त, हजेरी आणि ड्यूटी पाहतो. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार कपडे, रेशन आणि सामान पाहतो. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडून परमवीर चक्र मिळवणारे अब्दुल हमीद हे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते, म्हणजे नेमणुकीने कोठारवाले.

बँकवाल्याची नजर पगाराकडे जातेच. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून, नाईकाचे २५,५०० पासून आणि हवालदाराचे २९,२०० पासून सुरू होते. लान्स नाईकाची श्रेणी शिपायाचीच असते. सैनिकी सेवा वेतन ५,२०० रुपये, ते या सर्वांना सारखेच. म्हणजे शिपाई आणि नाईक यांच्या सुरुवातीच्या मूळ वेतनात फरक ३,८०० रुपयांचा आणि नाईक व हवालदार यांच्यात ३,७०० रुपयांचा. एवढ्या फरकात माणसाला नऊ जणांच्या जिवाची जबाबदारी घ्यावी लागते. फितीकडे कोणी निव्वळ पगारासाठी जात नाही, हे यावरून समजावे.

बढती नुसत्या वर्षांवर मिळत नाही. लष्करी शिक्षणाची प्रमाणपत्रे लागतात. पलटणीत 'प्रमोशन केडर' नावाचा अभ्यासक्रम असतो. त्यात नकाशा वाचणे, हत्यारे शिकवणे, ड्रिल घेणे, तुकडीला हुकूम देणे यांची परीक्षा होते. शिकवता येणे हा त्यातला महत्त्वाचा भाग. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तसेच महूच्या इन्फंट्री स्कूलची ज्युनियर लीडर्स विंगही आहे. देशभरचे तरुण अधिकारी आणि एनसीओ तिथे लहान तुकडीचे नेतृत्व शिकायला येतात.

आपल्या शहरातही असे फितीवाले घडतात. गोवळकोंड्याला तोफखान्याचे केंद्र आहे, सिकंदराबादला ईएमई आणि ऑर्डनन्सची केंद्रे आहेत. नव्या रिक्रुटाला पहिल्या दिवसापासून घडवणारा माणूस बहुतेक वेळा हवालदार किंवा नाईकच असतो. रिक्रुट त्याला 'उस्ताद' म्हणतात.

काम काय असते

सेक्शनचा कमांडर नाईक किंवा हवालदार असतो. त्याच्या खाली दुसऱ्या क्रमांकावर साधारण लान्स नाईक. तीन सेक्शन मिळून एक प्लाटून, तीन प्लाटून मिळून एक कंपनी, आणि अशा चार रायफल कंपन्या व इतर विभाग मिळून पलटण.

शांततेच्या काळातले काम असे : पहाटे माणसे उठवणे, हजेरी, पीटी, हत्यारांची सफाई तपासणे, रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावणे, गार्ड कमांडर म्हणून पहारा सांभाळणे, आजारी माणसाला एमआय रूमला पाठवणे, कोणाला सुट्टीची खरी गरज आहे ते वरपर्यंत पोचवणे. कोणाच्या घरी भावकीचा वाद चालू आहे, कोणाच्या बायकोचे बाळंतपण जवळ आले आहे, कोण दोन दिवस जेवत नाही, हे सर्वांत आधी सेक्शन कमांडरला कळते. तो त्याच बराकीत राहतो, त्याच लंगरमध्ये जेवतो. कर्नल साहेबांना पलटणीतल्या शेकडो माणसांची नावे पाठ असतीलही, पण रात्री कोणाला झोप लागत नाही हे नाइकालाच माहीत असते.

युद्धात काम थोडक्यात सांगायचे तर हुकूम खालच्या माणसापर्यंत नेऊन तो प्रत्यक्षात आणणे. वरून 'ती टेकडी घ्या' असा हुकूम येतो. कोणत्या दगडाआडून कोण पुढे जाणार, लाइट मशीनगन कुठे लावायची, कोणी आधी गोळीबार करायचा, हे सेक्शन कमांडर ठरवतो, आणि स्वतः पुढे जातो.

आपल्या बेगम बाजारातल्यांना हे समजायला फार लांब जावे लागत नाही. घाऊक मालाचा ट्रक उतरवताना हमालांच्या टोळीचा मुकादम बघा. शेठजी गादीवरून फक्त 'माल उतरवा' म्हणतात. कोणत्या पोत्याला कोण हात घालणार, अरुंद गल्लीतून हातगाडी आधी कोणाची जाणार, कोणाची पाठ दुखते म्हणून त्याला हलके ओझे, हे मुकादम बघतो आणि स्वतःही पाठीवर ओझे घेतो. त्याने नुसते उभे राहून हुकूम सोडले तर टोळी त्याचे ऐकणार नाही. फितीवाल्याचे तसेच आहे. फरक एवढाच की इथे चूक झाली तर पोते फुटते, तिथे माणूस जातो.

नळदुर्ग, १३ सप्टेंबर १९४८

आपल्यापैकी अनेकजण हैदराबादहून झहीराबाद, उमरग्यावरून तुळजापूरला किंवा सोलापूरला जातात. वाटेत नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदी लागते. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनची, म्हणजे ऑपरेशन पोलोची, पहिली लढाई इथे झाली.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरच्या बाजूने भारतीय फौज आत आली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि नळदुर्गवर शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीने हल्ला केला. समोर पहिली हैदराबाद इन्फंट्री होती. या पलटणीतील हवालदार बचित्तर सिंग आपल्या प्लाटूनसह आघाडीवर होते. रस्ता अडवलेल्या जागी दोन गाड्या वेगाने येताना दिसल्या. त्यांनी गोळीबाराचा हुकूम दिला, स्वतः धावून गेले आणि दोन्ही गाड्या त्यांतल्या पहारेकऱ्यांसह ताब्यात घेतल्या. पुढे एका मोक्याच्या जागेवरून कंपनीवर गोळीबार सुरू झाला. बचित्तर सिंग प्लाटून घेऊन तिकडे वळले. मोर्चा तीसेक यार्डांवर असताना मशीनगनच्या गोळ्या त्यांच्या मांडीत लागल्या. पडलेले असतानाच ते सरपटत पुढे गेले आणि दोन हातबॉम्ब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली. मागे न्यायला त्यांनी नकार दिला आणि आपल्या माणसांना पुढे जायला सांगत राहिले. त्या जखमांनी त्यांना मरण आले.

दोन दिवसांनी, १५ सप्टेंबरला, संस्थानाच्या दक्षिण टोकाला तुंगभद्रेच्या रेल्वे पुलावर गोरखा पलटणीतील नाईक नरबहादूर थापा यांनी उघड्या मैदानातून सुमारे शंभर यार्ड धावत जाऊन खुकरीने मशीनगनवरची माणसे मारली आणि पूल मोकळा केला.

अशोक चक्राची स्थापना १९५२ मध्ये झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानली गेली. या सन्मानाच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत हे दोघे आहेत. एक हवालदार, एक नाईक. हैदराबादच्या इतिहासात सरदार पटेल, जनरल चौधरी, निजाम, कासीम रझवी ही नावे येतात आणि ती यायलाच हवीत. पण १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन पाळतो तेव्हा नळदुर्गच्या या हवालदाराचे नाव किती वेळा घेतो, याचा विचार करावा. समोरच्या बाजूलाही नाईक आणि हवालदार याच नावांनी माणसे आपापली तुकडी सांभाळत होती, हेही लक्षात ठेवावे. त्यांतलेही काही घरी परतले नाहीत.

मराठा पलटणीतले दोघे

दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

नाईक यशवंत घाडगे हे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते एका सेक्शनचे कमांडर होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि सेक्शनमधील सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. उभे राहिले फक्त घाडगे. ते सरळ मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्बने ती बंद केली, टॉमीगनने एकाला मारले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदुकीची नळी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते पडले. वय २२. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

ही हकीकत बहुतेक ठिकाणी शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. तिच्यातली फितीची बाजू वेगळी आहे. सेक्शनमध्ये हुकूम द्यायला कोणी उरले नव्हते. परत फिरले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण ती मशीनगन चालू राहिली असती तर पाठीमागच्या माणसांवरही तोच मारा झाला असता. सेक्शन कमांडरचे काम सेक्शन संपल्यावरही संपत नाही, हे त्यांनी आपल्या बाजूने ठरवून टाकले.

दुसरे नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना ते साधे शिपाई होते, कंपनीचे निरोप्ये. त्यांच्याबरोबर पुढे गेलेली जवळजवळ सगळी माणसे नदीच्या बांधावर पडली. जाधवांनी आधी दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे नेले. मग परत जाऊन मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. दंडावर एकही फीत नसताना त्यांनी त्या वेळी नाइकाचे काम केले. पुढे ते हवालदार झाले.

चांगला नाईक आपल्या खालच्या माणसाला आपले काम शिकवून ठेवतो. वरचा पडला तर खालचा लगेच उभा राहावा, यासाठीच रोजचे ड्रिल, केडर आणि पाळ्या असतात. बँकेतही हेड कॅशियर रजेवर गेल्यावर दुसऱ्या दिवशी कॅश वेळेवर उघडली, तर आम्ही त्या हेड कॅशियरलाच चांगला म्हणत असू.

फितीपासून पुढे

फितीवाला कायम फितीवरच राहतो असे नाही. कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, नाईक झाले, ब्रह्मदेशात लढले, हवालदार झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. पुढच्याच एप्रिलमध्ये, ८ ते ११ एप्रिल १९४८ या दिवसांत, नौशेरा ते राजौरी या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी गोळीबारात स्वतः पुढे राहून काढले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले, आणि ते घ्यायला ते हयात होते. सुरुंग काढणे ते साहेब झाल्यावर शिकले नव्हते.

तुकाराम ओंबळे यांना आपण मुंबई पोलिसांतले म्हणून ओळखतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. स्वतः गोळ्या झेलल्या, पण सहकाऱ्यांना त्याला जिवंत पकडता आले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. सातारा जिल्ह्यातले हे गृहस्थ पोलिसांत येण्यापूर्वी लष्कराच्या सिग्नल कोअरमधून नाईक म्हणून निवृत्त झाले होते.

घरातले जुने फोटो आणि कागद

आता व्यवहाराचे. ज्यांच्या घरी कोणी सैन्यात होते त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. फोटो. दंडावरच्या फिती मोजाव्यात. खांद्यावर तारा आणि त्याखाली आडवी रंगीत पट्टी असेल तर तो जेसीओ : एक तारा नायब सुभेदार, दोन तारे सुभेदार. पट्टीबरोबर सिंहमुद्रा असेल तर सुभेदार मेजर.

२. पदके. बऱ्याच पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. भिंगाने पाहावे. पॉलिश करून घासू नये, अक्षरे जातात.

३. डिस्चार्ज बुक. यात लष्करी नंबर, हुद्दा, पलटण, भरतीची आणि सेवानिवृत्तीची तारीख असते. इंग्रजी संक्षेप ओळखावेत : 'एनके' म्हणजे नाईक, 'एल/एनके' म्हणजे लान्स नाईक, 'एचएव्ही' म्हणजे हवालदार, 'डीएफआर' म्हणजे दफेदार.

४. पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ. शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत पेन्शनसाठी साधारण पंधरा वर्षांची सेवा लागते. पेन्शनची रक्कम हुद्द्याप्रमाणे बदलते, म्हणून कागदावर हुद्दा बरोबर आहे ना, ते पाहावे. आता लष्करी पेन्शन 'स्पर्श' या प्रणालीतून मिळते आणि हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो.

५. पत्नीचे आणि मुलांचे नाव. लग्न आणि मुलांचे जन्म यांची नोंद पलटणीच्या 'पार्ट टू ऑर्डर'ने होते. ही नोंद राहिली किंवा नावात फरक पडला, तर फॅमिली पेन्शन अडकते.

या शेवटच्या मुद्द्यावर एक आठवण सांगतो. माझ्या नोकरीच्या काळात एका शाखेत मराठवाड्यातल्या एक वयस्कर बाई फॅमिली पेन्शनसाठी आल्या. नवरा नाईक होता. पलटणीच्या नोंदीत बाईंचे माहेरचे नाव, आणि आधारपासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे सासरचे. आमच्या काउंटरवरून त्यांना तीनदा परत पाठवले गेले, आणि त्यांतल्या एका वेळी परत पाठवणारा मीच होतो. नियमाने माझे चुकले नव्हते. चौथ्या वेळी त्यांनी पिशवीतून नवऱ्याचे जुने डिस्चार्ज बुक काढले आणि म्हणाल्या, "साहेब, हे बघा, ह्यांच्या हाताखाली माणसं होती. ह्यांचं कुणी परत पाठवत नव्हतं." ते बुक तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचले. त्यातल्या नंबरावरून रेकॉर्ड ऑफिसला आणि जिल्हा सैनिक कार्यालयाला पत्रे गेली. काही महिन्यांनी नाव दुरुस्त होऊन पेन्शन सुरू झाली. तो कागद मी पहिल्याच दिवशी मागून घेतला असता तर बाईंच्या तीन खेपा वाचल्या असत्या. जो माणूस आपल्या सेक्शनमधल्या प्रत्येकाच्या घरची खबर ठेवत होता, त्याच्या बायकोची साधी चौकशी मी केली नव्हती.

अग्निपथ आणि पुढची फीत

आज घरात कोणी भरतीची तयारी करत असेल तर त्याने हा भाग जरूर वाचावा. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्याखाली अग्निवीराची भरती चार वर्षांसाठी होते. त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत लोकांना कायम सेवेत घेतात आणि त्यांना आणखी किमान पंधरा वर्षे सेवा द्यावी लागते. बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी घेऊन बाहेर पडतात, त्यांना पेन्शन नाही. लष्करातील पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीस सुरू झाले.

योजनेच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलले गेले आहे, ते इथे पुन्हा मांडत नाही. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढा : पूर्वी फीत अनेक वर्षांच्या सहवासातून मिळत असे. कोण कसा आहे हे बराकीत, सीमेवर, सुट्टीवरून परत येण्याच्या वेळेवरून दिसत असे. यापुढचे नाईक आणि हवालदार त्या पंचवीस टक्क्यांतून येतील, आणि त्यांची पारख पहिल्या चार वर्षांतच करावी लागेल. म्हणून भरतीला जाणाऱ्या मुलाने धावणे आणि पुल-अप्स यांच्याबरोबर नकाशा वाचणे, चार लोकांसमोर समजावून सांगणे आणि बरोबरच्या मुलाची अडचण ओळखणे या गोष्टींचीही तयारी करावी. घरच्यांनीही 'परमनंट झाला का' एवढेच विचारू नये.

मंडळाच्या सभासदांना विनंती

आपल्या घरातील जी मंडळी सैन्यात होती किंवा आहेत, त्यांची पुढील माहिती एका कागदावर लिहून घरातच नीट जपून ठेवावी : पूर्ण नाव, लष्करी नंबर, पलटण, शेवटचा हुद्दा, सेवेची वर्षे, कुठे कुठे नेमणूक होती. वडीलधारी मंडळी हयात असतील तर त्यांच्याकडूनच विचारून घ्यावी. त्यांच्या सेक्शनमध्ये कोण कोण होते, तेही विचारावे. बहुतेकांना ती नावे अजून पाठ असतात.

आणि हुद्दा लिहिताना 'साधे' हा शब्द गाळावा. नुसते 'हवालदार' लिहिले तरी पुरे.